अँबॅसिडर कोणती, ते आधी सांगा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या गाड्यांवरचा लेख आवडीने वाचला, पण एक गोष्ट खटकली. लेखकाने अँबॅसिडरला 75 अश्वशक्ती दिली, फियाटला (पद्मिनी आमच्याकडे कुणी म्हणत नसे) 40 आणि अँबॅसिडरच ताकदवान, असा निकाल लावून टाकला. 75 वाली अँबॅसिडर म्हणजे इसुझूचं 1817 सीसी इंजिन आणि खाली पाच गिअर असलेली, नव्वदच्या दशकातली. तोवर मारुती येऊन बरीच वर्षं झाली होती. फियाटची खरी जोड 1489 सीसीच्या, हँडल गिअरच्या (म्हणजे स्टिअरिंगलगत गिअरचा दांडा असलेल्या) जुन्या अँबॅसिडरशी. तिची ताकद साधारण 50.

मी सव्वीस वर्षं सरकारी अँबॅसिडर चालवली आणि घरी सेकंडहँड फियाट होती, म्हणून लिहितो. फियाट 1089 सीसीची, वजन नऊशे किलोच्या आसपास; अँबॅसिडर अकराशेच्या पुढे. वजनाच्या हिशेबाने ताकद पाहिली तर दोघी जवळजवळ सारख्याच. फरक कळायचा घाटात. अँबॅसिडरच्या पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली सरकण्याचं अंतर, 89 मिलिमीटर, फियाटचा 75. त्यात इंजिनही मोठं, म्हणून ते सावकाश फिरत असतानाही अँबॅसिडर ओढायची. बोगदा व्हायच्या आधी खंबाटकीत मालट्रकच्या मागे लागलो, की साहेब, दोन शिपाई आणि फायलींची पेटी घेऊन ती तिसऱ्या गिअरवर गुरगुरत चढे. घरची मंडळी भरून फियाट नेली की तिथेच दुसरा टाकावा लागे.

पण पुण्यात लक्ष्मी रोडला मला विचाराल तर फियाटच. स्टिअरिंग हलकं, अंगाने आटोपशीर, कुठेही वळवा. पेट्रोलला माझ्या हातात ती तेरा द्यायची, अँबॅसिडर नऊवर खूश. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाट धरली आणि कलकत्त्याच्यांनी अँबॅसिडर, ते उगाच नाही. अर्थात एकीचा कारखाना कुर्ल्याला, दुसरीचा उत्तरपाड्याला, हेही आलंच.

ब्रेकबद्दल लेखात अवाक्षर नाही. दोघींना चारही चाकांना ड्रम. घाट उतरताना पायापेक्षा गिअरवर भिस्त ठेवायची, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

तेवढी 75 ची दुरुस्ती छापावी, ही विनंती. डिझेल अँबॅसिडरचा विषय मी मुद्दामच काढलेला नाही. तिच्यात साहेब मागून काय म्हणाले, ते मला टपरीवर गाडी बंद केल्यावरच कळायचं.

— एक निवृत्त वाहनचालक, सातारा