विजेच्या शेगडीतली वैल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातील जुन्या स्वयंपाकघरांवर आलेला लेख मी आवडीने वाचला. अमेरिकेतील 1930 ते 1950 च्या दशकांतल्या विजेच्या शेगड्यांचे वर्णन त्यात छान उतरले आहे. मात्र त्या शेगड्यांच्या मागच्या कोपऱ्यात भांडे आत सोडण्यासाठी जी खोल विहीर असते आणि जिला इकडे डीप वेल कुकर म्हणतात, तिच्याविषयीची दोन विधाने मला खटकली. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारे विजेचे भांडे ही 1970 नंतरची कल्पना आहे, हे पहिले. आणि ही विहीर आता निरुपयोगी असल्याने तिच्यात डबे ठेवावेत, हे दुसरे. मी व्यवसायाने विद्युत अभियंता होते, आता निवृत्त आहे, आणि ओहायोमधील डेटन येथे अशाच एका शेगडीवर रोजचा स्वयंपाक करते, म्हणून हे पत्र.

पहिल्या विधानाबाबत फार लिहीत नाही. क्रॉकपॉट हा मंद आचेवर शिजवणारा विजेचा कुकर बाजारात आला 1971 मध्ये, पण ज्या भांड्यावरून तो निघाला त्याचे आयर्व्हिंग नॅक्सन यांना मिळालेले पेटंट 1940 चे आहे, आणि शेगडीतली विहीर तर 1930 च्या दशकातच आली होती. जनरल इलेक्ट्रिक आणि हॉटपॉइंट या कंपन्या तिला ‘थ्रिफ्ट कुकर’ म्हणत, म्हणजे काटकसरीचा कुकर. फ्रिजिडेअरने ‘थर्मायझर’ असे भारदस्त नाव दिले होते. मंदीच्या काळात काटकसर हा शब्द जाहिरातीत चांगला खपत असावा. आपल्याकडे तर डॉ. इंदुमाधव मल्लिक यांचा इकमिक कुकर 1910 मधला, तोही वाफेवर सावकाश शिजवणारा. तेव्हा या कल्पनेचे वय लेखात बरेच कमी झाले आहे.

माझी आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा तिने झाकण उचलून आत वाकून पाहिले आणि म्हणाली, “ही तर वैल आहे.” चुलीच्या अंगाला असलेल्या वैलावर उरलेल्या आचेत आमटी आणि दूध निवांत राहत असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या यंत्राचे निम्मे मर्म आपोआप कळेल. विहिरीच्या भिंतीभोवती खनिज लोकर किंवा काचलोकर भरलेली असते, तळाशी विजेचे वेटोळे असते, आणि सुमारे साडेपाच-सहा लिटरचे ॲल्युमिनियमचे भांडे आपल्या काठावर शेगडीच्या पृष्ठभागाला टेकून आत लोंबकळत राहते. उष्णता बाजूने निसटत नाही, त्यामुळे एकदा वाफ धरली की अगदी थोडी वीज पुरते. काही शेगड्यांबरोबर पाचरीच्या आकाराचे तीन डबे येत, ते एकत्र ठेवले की गोल पूर्ण होई. आपल्या कुकरच्या डब्यांचाच हा आडवा अवतार. काही मॉडेलांत तळाचे वेटोळे वर उचलून अडकवता येते आणि विहिरीच्या जागी चौथा साधा बर्नर मिळतो.

खरी गंमत तिच्या बटणात आहे. आजचा स्लो कुकर कमी वॅटचा असतो. त्यात खळखळ उकळी आणायची म्हटली तर फार वाट पाहावी लागते. या विहिरीच्या वेटोळ्यात दोन तारा असतात आणि इथल्या घरात 240 व 120 असे दोन्ही व्होल्ट उपलब्ध असतात. समजा 240 व्होल्टवर प्रत्येक तार 500 वॅटची आहे. दोन्ही समांतर जोडल्या की 1000 वॅट. एकच जोडली की 500. दोन्ही एकामागे एक जोडल्या की 250. एकच तार 120 व्होल्टवर घेतली की 125. आणि दोन्ही एकामागे एक 120 व्होल्टवर घेतल्या की जेमतेम 62. बटण फिरवताना जो ‘खट्’ आवाज येतो तो या जोडण्या बदलल्याचा. चालू-बंद होत राहणारे काही नाही, आच एकसारखी. राजमा शिजवताना याचा मोठा फायदा होतो, कारण राजम्यातील विषारी घटक मंद आचेवर नष्ट होत नाही. भिजवलेले पाणी टाकून, नवे पाणी घालून तो आधी अर्धा तास चांगला उकळावाच लागतो, आणि मग आच खाली आणता येते. हे दोन्ही एकाच भांड्यात होते. माझ्याकडे हरभऱ्याची उसळ आणि पायाचे सूप नेहमी तिथेच होते. चिंच किंवा कोकम घातलेला पदार्थ मात्र ॲल्युमिनियमच्या भांड्यात रात्रभर ठेवू नये, आणि सर्वांत खालच्या खुणेवर अन्न 60 अंश सेल्सियसच्या वर राहते आहे ना हे थर्मामीटरने एकदा तपासून घ्यावे.

आता दुरुस्तीविषयी, कारण लेखात शेगडी “पुसून जोडली की चालते” असे वाक्य आहे. मीही तेच केले होते, आणि अभियंता असून केले, हे कबूल करते. तळघरात अनेक वर्षे पडून असलेली शेगडी जोडली, एक हात तिच्या कडेला आणि दुसरा नळाला लागला, आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. शोध घेतला तर न्यूट्रलचा, म्हणजे विजेच्या परतीच्या तारेचा, स्क्रू गंजून सैल झाला होता. जुन्या तीन तारांच्या जोडणीत शेगडीचे लोखंडी अंग न्यूट्रललाच बांधलेले असते; तो धागा तुटला की परतीचा विद्युतप्रवाह त्या अंगावर येऊन थांबतो आणि जमिनीकडे वाट शोधतो. म्हणूनच 1996 पासून अमेरिकेच्या विद्युत संहितेने नव्या जोडणीत चौथी, स्वतंत्र अर्थिंगची तार सक्तीची केली आहे. जुन्या शेगडीलाही ती द्यावी आणि आतील न्यूट्रलचा अंगाशी असलेला पट्टा सोडवावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

वेटोळ्याचे दुखणे वेगळे. निक्रोम या मिश्रधातूची तापणारी तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते, आणि वर्षानुवर्षे न तापवल्यास ती टोकांकडून हवेतील ओल शोषते. मल्टीमीटर तार शाबूत आहे एवढेच सांगतो. गळती कळायला 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण, लावावा लागतो. आकडा कमी आला म्हणून वेटोळे भंगारात देण्याची घाई करू नये. ते काढून सुमारे 120 अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवले की बहुतेक वेळा ओल निघून जाते. माझे दुसऱ्या दिवशी ठणठणीत झाले.

आतील तारांवरचे सुती किंवा ॲस्बेस्टॉसचे वेष्टण हाताने चोळू नये, फुंकर मारू नये, झाडू नये. विहिरीभोवतीच्या भरावात ॲस्बेस्टॉस असण्याची शंका असेल तर आधी प्रयोगशाळेत तपासणी, मगच पुढचे काम. नव्या तारा घरगुती पीव्हीसीच्या चालत नाहीत, त्या वितळतात. उच्च तापमानाची काचधाग्याच्या वेष्टणाची तार आणि निकेलची टोके घ्यावीत. खोलण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचे छायाचित्र काढून तारेला चिठ्ठी बांधावी, नाहीतर बटणाच्या मागची सात-आठ टोके पाहून पुढे डोके धरून बसावे लागते. भांडे ओव्हन साफ करण्याच्या दाहक द्रावणाने किंवा धुण्याच्या सोड्याने घासू नये, ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि काळे पडते. चिंच किंवा लिंबू पुरेसे आहे.

पुण्याच्या एका परिचितांनी लेख वाचून अशी शेगडी भारतात आणण्याविषयी विचारले, म्हणून तेही लिहिते. आपल्या घरांतील एकफेजी 230 व्होल्टमध्ये मधला 120 व्होल्टचा टप्पाच नसतो, त्यामुळे बटणाच्या ज्या खुणांसाठी हा खटाटोप करायचा त्या सर्वांत मंद खुणाच मुक्या राहतील.

शेवटी लेखातील छायाचित्राबद्दल. त्यात विहिरीत प्लास्टिकच्या डब्यांची चळत आणि वर झाकण दिसते, आणि मागे भिंतीत शेगडीची जाड वायर खोचलेलीही दिसते. पुसताना कुणाचा हात त्या बटणाला लागला तर झाकणाखाली काय तापते आहे हे धूर येईपर्यंत कळणार नाही. हे स्वयंपाकघर ज्यांचे आहे त्यांच्यापर्यंत आपल्या लेखकांनी एवढा निरोप पोहोचवावा की डबे काढावेत, किंवा निदान वायर तरी काढून ठेवावी.

आपली नम्र,
एक वाचक, डेटन, ओहायो