परत तीच नोटीस आली, साहेब

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातनं लिहितोय, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीतनं. वाडीचं नाव इथं घालत नाही, आमची फाईल तुमच्याकडं आहे, तिच्यात ते आहेच. लिहायचं कारण म्हणजे परवा परत नोटीस आली. आपण दरडप्रवण क्षेत्रात राहता, अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे, अन्यथा जबाबदारी आपली राहील. मागच्या वर्षीचीच झेरॉक्स, तारीख तेवढी पेननं बदललेली. सुरक्षित ठिकाण कुठलं ते कुठंच लिहिलेलं नाही. आणि चिकटवली कुठं तर त्या पत्र्याच्या शेडच्या दारावर, जिथं तुमच्याच माणसांनी आम्हाला २०२१ ला आणून ठेवलं, दोन वर्षांत पक्की घरं देतो असं माईकवर सांगून. शेडसुद्धा त्याच डोंगराच्या पायथ्याला आहे.

२२ जुलै २०२१ ची रात्र आम्ही विसरू शकत नाही. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ही नावं पेपरात आली, तिथली माणसं गाडली गेली. आमच्या वाडीत त्या रात्री माणूस दगावलं नाही म्हणून आमची बातमी पण झाली नाही. गोठा गेला, दोन म्हशी गेल्या, अर्धं घर गेलं, आईच्या कमरेवर भिंत आली. ती वाचली पण नंतर सरळ चालली नाही. उन्हाळ्यात पत्रा तापायचा तेव्हा ओलं फडकं अंगावर टाकून पडायची, पावसात पत्र्याच्या आवाजानं रात्ररात्र जागी असायची, आणि रोज एकच विचारायची, घराचं काय झालं रे. तिसऱ्या वर्षी त्या शेडमध्येच गेली. तिचं नाव तुमच्या कुठल्याच यादीत नाही साहेब, कारण ती दरडीत गेली नाही. मग कशात गेली ते तुम्ही सांगा.

आता मुद्द्याचं. पोरगी दहावीला आहे, तिला शाळेत ज्वालामुखीचा प्रकल्प आलाय, कारणं, परिणाम आणि उपाययोजना. मी रात्री बसून तिला मदत केली. आपला सह्याद्री म्हणजे थंड झालेला लाव्हाच, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, थरावर थर बसलेला, हे मला बांधावर काम करताना दिसत होतं पण कळत नव्हतं. काळा कातळ, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, परत कातळ. कातळाच्या भेगांतनं पाणी आत जातं, तांबड्या थरावर आणि मुरमावर अडकतं, माती फुगते, जड होते आणि सगळा उतार सुटतो. ही माहिती शाळेच्या पोरीला मिळते. मग मीटिंगमध्ये निसर्गाचा कोप आहे, आम्ही काय करणार, असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला का मिळत नाही?

त्या प्रकल्पात दोन ज्वालामुखी आहेत. एक कोलंबियातला नेवाडो देल रुइझ, १३ नोव्हेंबर १९८५. तसा छोटाच स्फोट, पण डोंगरावरचा बर्फ वितळला आणि चिखलाचा लोंढा नदीतनं खाली आला. आर्मेरो गावाला पोचायला त्याला दोन तासांच्या वर लागले. दोन तास! एवढ्या वेळात गाव चालत उंचावर गेलं असतं. पण लोकांना घरातच थांबा म्हणून सांगितलं होतं आणि एकूण २३ हजारांच्या आसपास माणसं मेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता. १८४५ ला पण तिथं असाच चिखल येऊन माणसं गेली होती. सगळं माहीत होतं, कुणी हललं नाही.

दुसरा फिलिपाइन्सचा पिनातुबो, १५ जून १९९१. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या स्फोटांतला, एवढा की त्याच्या वायूनं जगाचं तापमान अर्ध्या अंशानं खाली आलं. पण एप्रिलमध्ये डोंगर धुमसायला लागल्यापासनं शास्त्रज्ञ बसून होते, एक ते पाच पायऱ्यांचे इशारे होते, आणि दहा किलोमीटर, मग वीस, मग तीस अशी गावं खरोखर हलवली. हजारो जीव वाचले. त्याच दिवशी वादळ आलं, राख भिजून जड झाली, छपरं कोसळून लोक मेले, ते वेगळं. पण पुढं छावण्यांत गोवरानं तिथल्या 'आयता' नावाच्या आदिवासी जमातीची पोरं गेली. हे वाचताना मला आई दिसली. डोंगरापासनं वाचवलं आणि छावणीत ठेवून मारलं.

आम्ही धोक्याला नवीन नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात आज्यानं कोयनानगर पडलेलं बघितलं. त्याच्या आधी त्याची भातखाचरं धरणात गेली, आज त्या पाण्यावर १९६० मेगावॅट वीज होते, आणि आमच्या शेडमध्ये पाऊस सुरू झाला की चार-चार दिवस लाईट नसते. २०१४ ला माळीण झालं, २०२१ ला तळिये आणि आम्ही, २०२३ ला इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी हेलिकॉप्टर, चेक, फोटो. डोंगर सुटल्यावर पैसा एका रात्रीत निघतो, सुटायच्या आधी जागा द्यायला मात्र मोजणी होत नाही, मोजणी झाली तर मंजुरी नाही, मंजुरी आली तर साहेबांची बदली. पाच वेळा कागद दिले मी. एकाच सातबाऱ्याच्या पाच नकला. एक दिवसाची मजुरी बुडते प्रत्येक वेळी. फार्महाऊससाठी डोंगर कापायचा असला की पोकलेन लगेच वर चढतो, त्याला कुणी नोटीस चिकटवत नाही. मत मागायला याच शेडपर्यंत गाड्या आल्या होत्या, तेव्हा रस्ता खराब नव्हता का?

आम्हाला डोंगरापासनं लांबची जागा द्या, पाण्याची सोय असलेली, सगळ्या वाडीला एकत्र. घरं आम्ही बांधू, लागलं तर श्रमदानानं. आणि पाऊस मोजायचं यंत्र वाडीत बसवा, किती मिलिमीटरला निघायचं आणि कुठं जायचं ते आत्ताच सांगा, रात्री दोनला नको.

नोटिशीची पोच मागायला परवा माणूस आलता. मी सही दिली नाही. जागेचा कागद घेऊन या, त्यावर लगेच करतो.

आपला,
कोयना खोऱ्यातला एक शेतकरी