पक्षी मोजणाऱ्यांना पर्यटकांचेच तिकीट का?

संपादक महोदय,

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावचे तीन महाविद्यालयीन विद्यार्थी घेऊन मी राज्यातल्या एका अभयारण्यात पाणपक्षी मोजायला गेले होते. सहाच्या आधीच फाटकाशी पोहोचलो, पण तिकीट खिडकी उघडेपर्यंत ऊन चांगले वर आले. कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे होते आणि ते तिघांच्या प्रवेशशुल्काहून जास्त. मुलांनी कॅमेरा गाडीतच ठेवला. आत शिरताच पाणवेलींवरून भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी तरंगत गेली. भोवत्यांच्या वेगवेगळ्या जातींच्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात, चांगला फोटो नसेल तर जात ठरवणे जाणकारांनाही अवघड. वहीत ‘भोवत्या, जात अनिश्चित’ असे लिहून आम्ही परतलो. ती नोंद आता कायम तशीच राहणार, याचे मला आजही वाईट वाटते.

शुल्काला माझा विरोध नाही. रखवालदारांचे पगार, मनोरे, पायवाटा यांना पैसा लागतोच, आणि गावातल्या मुलांना गाईड म्हणून चार पैसे मिळावेत हे तर मला मनापासून पटते. आमच्या तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात अशी गावातली मुले दुर्बिणीशिवाय शेकाट्या आणि तुतवार ओळखतात, त्यांची मजुरी त्यांना मिळालीच पाहिजे.

माझे म्हणणे परवान्याबद्दल आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ मध्ये प्रवेश परवान्याची कारणे वेगवेगळी सांगितली आहेत: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन. म्हणजे अभ्यास आणि पर्यटन या दोन गोष्टी कायद्यानेच वेगळ्या धरल्या आहेत. आम्हाला मात्र खिडकीवर एकच पावती मिळाली, पर्यटकाची. अभ्यासाचा परवाना हवा तर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, म्हणजे नागपूरला अर्ज करायचा. विद्यापीठाच्या संशोधकाला ते जमते. दर रविवारी तळ्यावर जाऊन हळदी-कुंकू बदके मोजणाऱ्या निवृत्त पोस्टमनने काय करावे?

अशा माणसांचे काम किरकोळ नाही. २०२३ मध्ये देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि तो ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. यातले बहुतेक हौशी, पदरमोड करून फिरणारे. नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. पाणपक्ष्यांची वर्षानुवर्षांची मोजदाद हा अशा मानाचा एक मोठा आधार असतो.

म्हणून वन विभागाने नियमित नोंदी ठेवणाऱ्यांसाठी वार्षिक परवाना सुरू करावा आणि तो देण्याचे अधिकार अभयारण्याच्या पातळीवर सोपवावेत. शुल्क माफक घ्यावे, त्यात कॅमेरा धरावा. सूर्योदयाआधी अर्धा तास आत सोडावे. बदल्यात परवानाधारकाने महिन्याला किमान एक पूर्ण पक्षीयादी कार्यालयात द्यावी, सहा महिने यादी आली नाही तर परवाना खुशाल रद्द करावा. घरट्यांजवळ जाणे किंवा मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे असे प्रकार आढळले, तर पहिल्याच वेळी रद्द करावा. त्यात कसलीही सवलत नको.

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो. थापट्या, चक्रवाक हे पाहुणे त्या सुमारास उतरू लागलेले असतात. यंदाच्या सप्ताहाआधी हा परवाना मिळाला, तर त्या तीन मुलांसाठी पहिले अर्ज मी स्वतः भरीन.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. निफाड, जि. नाशिक