ब्रह्मोस खासगी नाही आणि हायपरसॉनिकही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रह्मोसची बातमी आली की तीन चुका हमखास सोबत येतात. कंपनी ‘खासगी’ ठरते, क्षेपणास्त्र ‘हायपरसॉनिक’ होते आणि तंत्रज्ञान मथळ्याच्या सोयीने कधी संपूर्ण स्वदेशी, कधी निव्वळ रशियन.

पहिल्या चुकीचे मूळ उघड आहे. कंपनीच्या नावात ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आहे. पण तो नोंदणीचा प्रकार झाला, मालकी नव्हे. १९९८च्या भारत-रशिया करारातून उभ्या राहिलेल्या ब्रह्मोस एरोस्पेसमध्ये डीआरडीओ या भारत सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेचा वाटा ५०.५ टक्के, तर एनपीओ माशिनोस्त्रोयेनिया या रशियन सरकारी मालकीच्या संस्थेचा ४९.५ टक्के आहे. गंमत अशी, की ‘सरकारी कंपनी’ म्हणणेही काटेकोरपणे बरोबर नाही. कंपनी कायद्याला त्यासाठी सरकारचा किमान ५१ टक्के हिस्सा लागतो. इथे अर्धा टक्का कमी पडतो. ‘भारत-रशिया संयुक्त कंपनी’ एवढे लिहिले तरी भागते. ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, हेही लिहावे. नाहीतर चाचणीच्या दुसऱ्या दिवशी वाचक ‘ब्रह्मोसचा शेअर’ शोधत बसतात आणि सुटे भाग पुरवणाऱ्या भलत्याच कंपनीचा घेऊन मोकळे होतात.

आता वेग. ब्रह्मोस मॅक २.८ च्या, म्हणजे ध्वनीच्या २.८ पट वेगाच्या आसपास उडते. हायपरसॉनिक म्हणायला मॅक ५ ओलांडावा लागतो. फरक इंजिनाचाच आहे. ब्रह्मोसच्या रॅमजेट इंजिनात हवा दाबणारा कॉम्प्रेसर नाही, टर्बाइन नाही. समोरून घुसणारी हवा क्षेपणास्त्राच्या वेगामुळेच दाबली जाते आणि तिच्यात द्रव इंधन फवारून जाळले जाते. वेग नसेल तर हवा दाबली जात नाही, म्हणून रॅमजेट उभ्या जागेवरून सुरू होत नाही. आधी घन इंधनाचा बूस्टर क्षेपणास्त्राला ध्वनीच्या पुढे नेतो, तो गळून पडतो, मग रॅमजेट काम हाती घेते. ज्वलनकक्षात पोचेपर्यंत हवा ध्वनीपेक्षा मंद झालेली असते. मॅक ५ च्या पलीकडे तिला इतके मंद करू गेले तर ती भयंकर तापते आणि इंधन जाळून मिळणारा जोर घटतो. तिथे स्क्रॅमजेट लागते, ज्यात हवा ध्वनीपेक्षा वेगाने वाहत असतानाच इंधन जळते. ७ सप्टेंबर २०२० रोजी डीआरडीओने एचएसटीडीव्ही या प्रायोगिक हायपरसॉनिक यानावर तपासले ते हे. तो प्रकल्प निराळा.

मॅकचे किलोमीटर करतानाही घोळ होतो. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,२२५ किमी असतो. ११ किमीच्या वर हवा उणे ५६ अंशांवर जाते आणि तो १,०६० पर्यंत उतरतो. म्हणजे तिथे मॅक २.८ हा ताशी ३,४३० नव्हे, तर सुमारे ३,००० किमी झाला. आकडा द्यायचा तर उंचीही द्यावी.

स्वदेशी की रशियन, याचे एका शब्दात उत्तर नाही. मूळ रचना रशियाच्या पी-८०० ओनिक्स क्षेपणास्त्रावरून आलेली, रॅमजेटही त्याच घराण्यातले. लक्ष्य हेरणाऱ्या भारतीय सीकरची चाचणी पोखरणला मार्च २०१८ मध्ये झाली, भारतीय बूस्टर आणि सांगाड्याची सप्टेंबर २०२० मध्ये. सांगाड्याचे भाग विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतात. सुखोई-३० विमानाच्या पोटाखाली अडीच टनांचे क्षेपणास्त्र टांगण्यासाठी लागणारे फेरफार नाशिकच्या एचएएल या सरकारी विमान कंपनीने केले आणि तसे पहिले उड्डाणही २५ जून २०१६ रोजी नाशिकलाच झाले. स्थानिक पानावर ही माहिती सहसा दिसत नाही, याचे नवल वाटते.

पल्ल्याबद्दल एक. सुरुवातीचा २९० किमीचा आकडा तंत्रज्ञानाची मर्यादा म्हणून छापला जातो. तो एमटीसीआर या क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाच्या ३०० किमीच्या बंधनात राहण्यासाठी ठेवला होता. जून २०१६ मध्ये भारत त्या गटाचा सदस्य झाला आणि मार्च २०१७ मध्ये वाढीव पल्ल्याची चाचणी झाली. जुन्या बातमीतला २९० उचलताना तारीख पाहिली तरी ही चूक टळेल.

आपले,
विमानबांधणी क्षेत्रातील काही वाचक, नाशिक