समासातल्या पेन्सिलीचे आभार

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला खपत नाहीत. म्हणून हे पत्र तुमच्या हाती न देता चारचौघांत ठेवतो आहे. आता रागावलात तरी उशीर झालेला असेल.

सृष्टीच्या उत्पत्तिकथांवरचा माझा लेख तुमच्याकडे आणला, तेव्हा त्यात दोन सिद्धान्त होते आणि दोन्हींवर माझा भलता जीव होता. पहिला, ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तात महास्फोटच सांगितला आहे. दुसरा, बायबलमधली उत्पत्तिकथा बाबिलोनकडून उचललेली आहे.

पहिल्यापुढे तुम्ही समासात सूक्तातलेच शब्द लिहिलेत: ‘को अद्धा वेद’. खरोखर कोण जाणतं? देवसुद्धा सृष्टीनंतरचे, आणि परम व्योमातला अध्यक्ष तरी जाणतो की नाही कोण जाणे, असं म्हणून थांबणाऱ्या कवीच्या तोंडी मी ठाम विधान कोंबलं होतं. तो परिच्छेद मी त्याच रात्री काढला.

दुसऱ्यासाठी मात्र तुम्ही अख्खी संध्याकाळ खर्ची घातलीत. ‘पाटी कधीची, मजकूर कधीचा आणि कथा कधीची? तिन्हींच्या तारखा वेगळ्या लिही,’ म्हणालात. मी कागद ओढला. ‘एनूमा एलिश’ या बाबिलोनच्या उत्पत्तिकाव्याच्या, असीरियाची राजधानी निनवेत सापडलेल्या मातीच्या पाट्या तिथल्या असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या, म्हणजे इ. स. पू. ७व्या शतकातल्या. रचना बऱ्याच अभ्यासकांच्या मते इ. स. पू. १२व्या शतकाच्या आसपासची. आणि देवाच्या रक्तातून माणूस घडवण्याची कल्पना त्याहून जुनी. ती ‘अत्रहसीस’ या बाबिलोनच्याच जुन्या काव्यात आहे, आणि त्याच्या प्रती इ. स. पू. १७व्या शतकापासून मिळतात. मग हीच पट्टी तुम्ही ऋग्वेदाला लावायला सांगितलीत, आणि मी आपटलो. भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या पोथ्यांत सर्वांत जुनी १४६४ सालची. पोथीवरून सूक्ताचं वय काढायला गेलो असतो तर दोन हजारांहून अधिक वर्षं हातातून निसटली असती, कारण तो मजकूर पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा शब्दांच्या ठरलेल्या रचनांनी घोकत तोंडी टिकला.

राहिली चोरी. तिआमत ही बाबिलोनची समुद्रदेवी आणि हिब्रूतला खोल पाण्याचा शब्द ‘तेहोम’, यांतलं साम्य दाखवून मी चोर पकडल्याच्या थाटात बसलो होतो. तुम्ही म्हणालात, ‘नाक सारखं म्हणून भाचीने मावशीचं चोरलं असं म्हणशील का?’ दोन्ही शब्द एकाच जुन्या सेमिटिक मुळाकडे जातात. तरी नातं तुम्ही नाकारलं नाहीत. ‘एनूमा एलिश’मध्ये बाबिलोनचा देव मर्दुक तिआमतला चिरून अर्ध्या देहाचं आकाश करतो आणि तिचं पाणी वर अडवून ठेवतो. बायबलातही आकाशाचा घुमट वरचं पाणी खालच्यापासून तोडतो. फक्त तिथे युद्ध नाही, शब्द पुरतो. शिवाय बायबलात उत्पत्तीचं कथन एक नाही, दोन आहेत. पहिल्यात प्राणी आधी आणि माणूस शेवटी, दुसऱ्यात माणूस आधी. झां आस्त्रुक नावाच्या फ्रेंच वैद्याने १७५३ मध्ये देवाच्या दोन वेगळ्या नावांवरून हे धागे सुटे करायला घेतले होते. माझ्या लेखात त्याचा पत्ताच नव्हता.

पण मनात घर करून बसला तो तुमचा एक प्रश्न: ‘ही कथा कशाची साक्षीदार?’ ‘अत्रहसीस’मध्ये धाकटे देव कालवे खणून थकतात, फावडी-टोपल्या जाळतात आणि मोठ्या देवाच्या दारात जाऊन संप पुकारतात. तडजोड म्हणून माणूस घडवला जातो, राबण्यासाठी! विश्व कसं झालं याबद्दल ही साक्ष मी कुठल्याच कोर्टात नेणार नाही. पण त्या सपाट, गाळाच्या मुलखात कालवे उपसणं किती जिवावर येत असे, याबद्दल ती डोळे मिटून मानावी. ‘एनूमा एलिश’च्या असीरियातल्या काही प्रतींत मर्दुकच्या जागी असीरियाचा देव अश्शूर आला आहे. विश्वाची घडण तीच, घडवणारा बदलला. निर्मितीबद्दल यातून काही कळत नाही; निनवे आणि बाबिलोन यांच्यातल्या चढाओढीबद्दल मात्र बरंच कळतं.

लेख आता निम्मा उरला आहे. ‘हिरण्यगर्भ’वरचं प्रकरण लिहून झालं की पाठवतो. या वेळी समास रुंद सोडला आहे.

तुमचा,
एक जुना विद्यार्थी