बालग्रामाला पाहुणे नकोत, फिटर हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातील बालग्रामांत स्वयंसेवक म्हणून जाण्याविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. पदवीनंतर दोन-तीन आठवडे आफ्रिकेत किंवा नेपाळात अनाथ मुलांसोबत घालवावेत, त्यांना इंग्रजी शिकवावे, शाळेच्या भिंती रंगवाव्यात आणि परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला जोडायला प्रमाणपत्र आणावे, असा लेखाचा रोख आहे. तरुणांनी घराबाहेर पडावे, जग बघावे, याला माझी ना नाही. पण या सगळ्यात त्या मुलांचे काय होते, हा प्रश्न लेखात कुठेच आला नाही. मी पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेला अभियंता. निवृत्तीनंतर युगांडातल्या एका बालग्रामाच्या पाणी योजनेवर काही महिने बिनपगारी काम केले, त्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

बालग्राम ही कल्पना मुळात कशासाठी निघाली ते आधी बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर पोरक्या मुलांना मोठमोठ्या अनाथाश्रमांत कोंबले जात होते. त्याऐवजी १९४९ मध्ये ऑस्ट्रियातल्या इम्स्ट गावी हेर्मान ग्माइनर यांनी लहान लहान घरे उभारायला सुरुवात केली. प्रत्येक घरात एक आई, तिच्याभोवती लहानमोठी भावंडे, एक स्वयंपाकघर. आपल्याकडे पुण्यात येरवड्याला आणि अलिबागजवळ याच धर्तीवरची बालग्रामे आहेत. मुलाभोवतीची माणसे सारखी बदलू नयेत, हा त्यामागचा गाभा. आता दर पंधरवड्याला नवे दादा-ताई आणून बसवायचे म्हणजे त्या गाभ्यालाच हात घालणे झाले.

युगांडात मी हे जवळून पाहिले. बसमधून पाहुण्यांचा गट उतरला की चार-पाच वर्षांची पोरे अनोळखी माणसाच्या थेट गळ्यात पडत. पाहुण्यांना वाटे, केवढा लळा! खरे तर आपल्या घरात सुखाने वाढणारे एवढेसे मूल परक्याला पाहून आईच्या मागे लपते. तिथली एक गृहमाता मला म्हणाली होती, "गट गेला की दोन-तीन रात्री लहानी झोपत नाहीत, अंथरूण ओले करतात. पाहुणे विमानात असतात आणि चादरी मी धूत असते." तिच्या बोलण्यात राग नव्हता, दमणूक होती.

नेपाळची गोष्ट याहून वाईट आहे आणि ती आपल्याला अधिक लागू पडते, कारण भारतीयाला तिथे जायला व्हिसा लागत नाही. इतर देशांच्या नागरिकांना पर्यटक व्हिसावर नेपाळात बिनपगारी कामसुद्धा करता येत नाही. आपल्याला सीमेवर कोणी विचारतच नाही. माओवादी संघर्षाच्या काळात (१९९६ ते २००६) हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी मुले उचलली. काठमांडूत शिकवतो म्हणून आईबापांकडून पैसेही घेतले आणि पुढे कागदोपत्री त्याच मुलांना अनाथ केले. संघर्ष संपला, पण तऱ्हा राहिली. अशी घरे काठमांडू, पोखरा, चितवन या पर्यटकांच्या वाटेवरच का दाटीने आहेत, याचे उत्तर अवघड नाही. स्वयंसेवकाच्या शुल्कावर घर चालते. मूल आईकडे परत गेले तर शुल्क बंद. ऑस्ट्रेलियाने २०१८ मधला आधुनिक गुलामगिरीविषयीचा कायदा करताना या अनाथालयी व्यापाराची दखल घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ मध्ये बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेमुळे होणारे नुकसान टाळण्यासाठी पावले उचलायला सांगितले. आपल्या लेखात यातले अक्षरही नाही.

मग कोणी जाऊच नये का? जावे. पण मुलांना सांभाळायला नको. मुलांना सांभाळणाऱ्यांचे काम हलके करायला जावे, तेही ते काम आपल्याला खरोखर येत असेल तर. भिंत रंगवायला युगांडात रंगारी मिळतो आणि त्याला मजुरीची गरजही असते. पुण्याहून विमानाचे भाडे भरून त्याच्या पोटावर पाय देण्यात कसला विकास?

आमच्या बालग्रामात एक सौरपंप होता, युरोपातल्या कुठल्याशा गटाने भेट दिलेला. त्याचा कंट्रोलर (पंपाची वीज नियंत्रित करणारा भाग) जळाला होता, सुटा भाग कुठे मिळेल ते कोणालाच ठाऊक नव्हते आणि माहितीपुस्तिका डच भाषेत. फाटकाजवळचा हातपंप मात्र रोज खडखडत पाणी देत होता. तो पंप बघून मला घरचे कोणी भेटल्यासारखे झाले, कारण तो आपल्या इंडिया मार्क २ चा युगांडातला अवतार होता. तिथे त्याला यू-२ म्हणतात. इंडिया मार्क २ ची पाळेमुळे थेट सोलापुरात आहेत. तिथल्या मिशनच्या कार्यशाळेत तयार झालेल्या पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने तो घडवला गेला आणि पुढे निम्म्या जगात गेला. सोलापूरकरांनी याची मिरवणूक कधी काढल्याचे ऐकिवात नाही, असो. मुद्दा असा, की या पंपाचे वॉशर, साखळी, बेअरिंग राजधानी कंपालाच्या बाजारात मिळतात आणि ते बदलणारे मिस्त्री गावोगाव आहेत.

अर्थात तोही निर्दोष नव्हता. त्या भागातले भूजल आम्लधर्मी, त्यामुळे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून सडतात आणि पाणी तांबूस येते. कपडे डागाळतात, चहा काळा होतो, म्हणून बायका-मुले चांगली बोअर सोडून पुन्हा डबक्याकडे वळतात. आम्ही पाइप बदलून स्टेनलेस स्टीलचे घातले. सौरपंपाला कंपालात दुरुस्ती होईल असा कंट्रोलर बसवला, टाकीच्या गळत्या काढल्या, क्लोरीनचे प्रमाण ठरवून दिले. सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका साध्या वहीत: पंप किती तास चालला, पाण्याची पातळी किती, काय बिघडले, कोणी दुरुस्त केले. ही वही पहिल्या दिवसापासून तिथल्या फिटरने लिहिली, मी शेजारी बसलो. पाने त्याच्या हातची असल्यामुळे मी गेल्यावर काही अडले नाही. मुलांची नावेही मला फारशी माहीत झाली नाहीत. रविवारी जेवणाच्या पंगतीत दिसत, तेवढेच.

चांगले उदाहरण हवे असेल तर रवांडात आहे. १९९४ च्या नरसंहाराने पोरक्या केलेल्या पिढीसाठी ॲन हेमन या वकील महिलेने २००८ मध्ये र्वामागाना जिल्ह्यात अगाहोझो-शालोम हे युवाग्राम सुरू केले. तिथे येतात ती किशोरवयीन मुले, कडेवरची बाळे नव्हेत. बाहेरचे स्वयंसेवक येतात ते वर्षभरासाठी. त्याच ग्रामाच्या जमिनीवर २०१४ मध्ये साडेआठ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. वीज देशाच्या जाळ्यात जाते आणि ग्रामाला जमिनीचे भाडे मिळते. याला मी विकास प्रकल्प म्हणेन. त्याच रवांडात सरकार २०१२ पासून अनाथालये बंद करून मुलांना नातेवाइकांकडे किंवा पालक कुटुंबांत पाठवत आहे, हेही ध्यानात घ्यावे.

संस्थेचे नाव मोठे आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. ग्माइनर यांनीच स्थापन केलेल्या एसओएस बालग्राम संघटनेने २०२१ मध्ये काही देशांतल्या आपल्याच ग्रामांत मुलांवर अत्याचार झाल्याचे मान्य केले. २०२५ मध्ये खुद्द ग्माइनर यांच्याविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी ऑस्ट्रियातल्या शाखेने जाहीर केल्या. त्यामुळे माझी कसोटी सोपी आहे. ज्या संस्थेने तुमची पोलीस पडताळणी मागितली नाही, तिच्याकडे जाऊ नका. जी तुम्हाला मागत नाही ती तुमच्या आधी आलेल्यालाही मागत नसणार. किती मुलांचे आईवडील हयात आहेत आणि त्या मुलांना घरी पाठवण्यासाठी काय चालले आहे, हेही पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर टाळले तर समजायचे ते समजा.

शेवटी आपल्याकडे एक तक्रार. लेखासोबतच्या छायाचित्रात स्वयंसेविकेच्या मांडीवरील दोन मुलांचे चेहरे स्पष्ट दिसतात, खाली त्यांची नावे आणि 'आईबाप नसलेली' असा उल्लेख आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ आपल्या देशातल्या अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई करते. ती मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ही मुले आफ्रिकेतली असल्याने कायद्याने आपल्याला कदाचित कोणी धरणार नाही. तरीही येरवड्याच्या मुलाला जे संरक्षण आपण देता ते त्यांनाही द्यावे. ऑनलाइन आवृत्तीतून ते छायाचित्र आणि नावे काढून टाकावीत, आणि काढल्याचे पुढच्या अंकात छापावे.

आपला,
एक निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, सांगली