ज्ञानाची परिसीमा: सुधाकरास पत्र

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

गणपतीपासून तुला पत्र नाही, याची रुखरुख होतीच. प्रकृती ठीक आहे, रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात आहे.

अण्णांच्या मागे मी चालवत असलेल्या वर्गात काल पतंजलींच्या योगसूत्रांतले ‘तत्र निरतिशयं सर्वज्ञबीजम्’ हे सूत्र आले: ईश्वराच्या ठायी सर्वज्ञतेचे बीज परिसीमेला पोहोचलेले असते. ज्ञान कोणात थोडे, कोणात अधिक असते. जे असे कमी-अधिक होते त्याला, परिमाणाप्रमाणे, कुठेतरी परिसीमा असते. आणि ज्याच्या ठायी ती गाठली जाते तो सर्वज्ञ, हे त्यावरचे व्यासांचे भाष्य मी सांगत असतानाच एका मुलीने, सर्वज्ञ कोणी असू शकतो हेच न मानणाऱ्या मीमांसक कुमारिलांचा श्लोकातला आक्षेप काढला: दहा हात उडी मारणारा शंभरदा सराव करूनही योजनभर उडणार नाही. बोलताना मान तिरकी करण्याची तऱ्हासुद्धा तुझीच! पर्वतीच्या पायऱ्यांवर याच श्लोकावरून तू मला अडवून धरले होतेस आणि चिडून माझी छत्री घेऊन गेलास, ती अजून परत आलेली नाही.

यावर शांतरक्षितांनी दिलेले उत्तर मला खरे वाटते: प्रत्येक उडी पुन्हा जमिनीवरूनच मारावी लागते, ज्ञान मात्र जिथवर पोहोचले तिथून पुढे निघते. पण ते बौद्ध तत्त्वज्ञ, ईश्वर न मानणारे. ज्ञान वाढत जाते एवढ्यावरून त्याच्या टोकाला कोणी आहे, हे सिद्ध होत नाही. संख्याही वाढतच जातात, शेवटची संख्या कुठे आहे? काल रात्री झोप लागली नाही ती यामुळेच.

म्हणून मी दुसऱ्या बाजूने विचार करतो. ल व्हेरिए यांनी पॅरिसमध्ये युरेनसच्या गतीतल्या फरकावरून, केवळ गणिताने, न दिसलेल्या ग्रहाची जागा सांगितली आणि 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाल्ले यांना नेपच्यून तिथून एका अंशाच्या आत सापडला. जिथे कोणी पोहोचले नव्हते तिथली व्यवस्था माणसाच्या बुद्धीला कळते, ती आधीपासूनच कळण्याजोगी असल्याखेरीज कशी? माणसाने ती घडवली नाही, त्याला ती सापडली. आणि कोणाच्याही जाणिवेत नसताना ती तशी होती, हे मला पटत नाही. तू म्हणशील, न पटणे हे प्रमाण नव्हे. भाष्यकार व्यासही म्हणतातच की अनुमान सामान्यापाशी थांबते, ईश्वराचे विशेष त्यातून कळत नाहीत. पण माझे अडले आहे ते त्या सामान्यापाशीच: ज्ञेय आहे म्हणून ज्ञाता असलाच पाहिजे का?

निशाचे लग्न ठरल्याचे शरदकडून कळले, फार आनंद झाला; तारीख कळव. वहिनींना नमस्कार. उत्तर मात्र रविवारच्या आत पाठव, कारण त्या मुलीला मी तोवरची मुदत मागितली आहे.

तुझा,
माधव